विमानं न्याहाळायला सुरुवात करताना : मुंबई, पुणे आणि आसपासच्या नवख्यांसाठी

‘दादा, लोहगावला कुठल्या बाजूला उभं राहिलं की सुखोई छान मिळतो?’ विमानांचा नाद नुकताच लागलेली मुलं मला सर्वांत आधी हेच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: कॅमेरा घेऊन कुठल्याच बाजूला नाही. त्यांचा चेहरा पडतो, आणि मग पुढे तासभर बोलणं होतं. ते बोलणं एकदाचं लिहून काढलेलं बरं, म्हणून हा लेख.

मी हा छंद बारा वर्षं करतोय. सुरुवात घाटकोपरला मामाच्या गच्चीवरून झाली. पहिली दोन वर्षं नुसते फोटो काढले, नोंद एकही ठेवली नाही. आज त्यातली निम्मी विमानं कोणती होती, कुठल्या दिवशी आली, काही सांगता येत नाही. शिवाय एकदा तीन तास चौकीत बसावं लागलं. दोन्ही गोष्टी टाळता आल्या असत्या. तुमच्या टळाव्यात.

पायरी १ : विमानतळ कोणाचा आहे ते आधी पाहा

तिकीट सगळीकडे सारखंच मिळतं, म्हणून प्रवाशाला हा फरक कळत नाही. पुण्याचा लोहगाव हा हवाईदलाचा तळ आहे. आपण ज्या टर्मिनलमधून जातो तो त्या तळाला लागून असलेला नागरी भाग. गोव्यात दाबोळी म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा. नाशिकजवळचं ओझर हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्याचं क्षेत्र, तिथेच हवाईदलाचा दुरुस्ती डेपोही आहे. नागपूरला प्रवासी विमानतळाशेजारी सोनेगावला हवाईदलाचं ठाणं आहे. याउलट मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ, गोव्यातलं मोपा, शिर्डी आणि कोल्हापूर हे नागरी विमानतळ आहेत.

संरक्षण दलांच्या तळाचा फोटो काढणं ही शासकीय गुपितांच्या १९२३ च्या कायद्याखाली येणारी गोष्ट आहे. तिथे ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या विमानतळांवर फोटो आणि व्हिडिओला बंदी असल्याचं पुन्हा बजावलं. खिडक्यांच्या झडपा बंद ठेवण्याच्या सूचनाही त्याच वेळी निघाल्या. पुण्याला किंवा दाबोळीला उतरताना विमानातले कर्मचारी जे सांगतील ते निमूट पाळा. खिडकीतून दिसणारे लढाऊ विमानांचे शेल्टर कितीही मोहात पाडोत, मोबाइल खिशात ठेवा.

माझं काय झालं ते सांगतो. एका संरक्षण तळाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभा राहून मी उतरणाऱ्या प्रवासी विमानाचा फोटो काढला. माझ्या लेखी ती साधी एअरबस होती. पण चौकटीत मागे कुंपण आणि टेहळणीचा मनोरा आला होता. गस्तीवरच्या जवानांनी थांबवलं आणि चौकीत नेलं. ओळखपत्र पाहिलं, घरी फोन केला, कार्डावरचा एकेक फोटो तपासला, मग सोडलं. ते नीट वागले आणि त्यांचं बरोबर होतं. आपण कशाचा फोटो काढतोय हे आपण ठरवून चालत नाही. चौकटीत काय काय आलंय ते पाहिलं जातं.

पायरी २ : सोबत काय हवं

- मूळ ओळखपत्र: आधार, वाहन परवाना किंवा कॉलेजचं कार्ड. मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका.
- जिथे उभे राहणार त्या जागेच्या मालकाची किंवा सोसायटीची परवानगी, जमल्यास लेखी.
- जाड पुठ्ठ्याची वही आणि दोन पेनं.
- दुर्बीण, ८×४२ ची. याहून जास्त पटीची हातात स्थिर राहत नाही.
- टोपी, पाणी, पावसाळ्यात वही-दुर्बिणीसाठी प्लास्टिकची पिशवी.

कॅमेरा यादीत नाही, आणि तो मुद्दाम लिहिलेला नाही. पहिले तीन महिने दुर्बीण आणि वहीवर काढा. डोळा तयार व्हायच्या आत हातात कॅमेरा आला की माणूस विमान बघायचं सोडून पडदाच बघत बसतो.

काय नको तेही सांगतो. ड्रोन अजिबात नको. विमानतळाभोवतीचा परिसर ड्रोनसाठी निषिद्ध क्षेत्रात मोडतो आणि उतरत्या विमानासमोर ड्रोन जाणं हा जिवाशी खेळ आहे. लेझरची बत्ती नको. आणि वैमानिक व कंट्रोल टॉवर यांचं बोलणं ऐकण्यासाठी परदेशातून स्कॅनर मागवू नका. परदेशी स्पॉटर, म्हणजे आपल्यासारखेच विमानं न्याहाळणारे, तो सर्रास वापरताना दिसतात, पण आपल्याकडे परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं कायद्यात बसत नाही. विमान कुठलं, कुठून आलं हे फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर कळतं. तेवढं पुरतं.

पायरी ३ : वारा वाचायला शिका

सगळ्या छंदाचा पाया हा आहे, आणि नवखी मंडळी नेमकं हेच टाळतात. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि तोंड देऊनच उडतं. त्यामुळे वारा कुठून येतोय हे कळलं की आज कुठे उभं राहायचं ते कळतं.

धावपट्टीचे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७. पश्चिमेकडे तोंड करून वापरली की ती २७, म्हणजे सुमारे २७० अंश. उलट दिशेने ०९. तिला छेदून जाणारी दुसरी १४/३२. समुद्रावरून वारा येत असला की २७ चालू असते, आणि मुंबईत बहुतेक दिवस तसंच असतं. अशा वेळी विमानं पूर्वेकडून घाटकोपर, साकीनाका, जरीमरीवरून उतरतात आणि विलेपार्ले-जुहूवरून समुद्राकडे उडतात. १४/३२ बहुधा मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असली की वापरात येते.

वारा पाहायचा तो ‘मेटार’ मध्ये. विमानतळावरून दर अर्ध्या तासाने निघणारा हा हवामानाचा सांकेतिक संदेश ॲपवर फुकट वाचता येतो. त्यात ‘२८०१२केटी’ असं दिसलं तर वारा २८० अंशांकडून १२ नॉट वेगाने येतोय. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरचा वारा. पुढे ‘४००० एचझेड’ असेल तर दृश्यता ४००० मीटर आणि धुरकं. अशा दिवशी फोटोच्या भानगडीत पडू नका.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. मेटारमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. ०६४० म्हणजे सकाळचे पावणेसात नव्हे. साडेपाच तास मिळवा, दुपारचे १२ वाजून १० मिनिटं झाली. दुसरं म्हणजे पावसाळ्यापूर्वी एक दिवस आणि पावसाळ्यानंतर एक दिवस मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. बातमी आधी येते. ती न वाचता ठाण्या-डोंबिवलीहून आलेली मुलं रिकाम्या आकाशाखाली बसलेली मी पाहिली आहेत.

पायरी ४ : जागा

उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येतं. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून २ किलोमीटरवर ते धावपट्टीच्या पातळीपासून सुमारे १२० मीटर उंच असतं, आणि १ किलोमीटरवर ७० मीटरच्या आसपास. हे गणित पाठ करा. नकाशावर मोजपट्टी ठेवली की कुठल्या गच्चीवरून विमान पोटाखालून दिसेल आणि कुठल्या गच्चीवरून बाजूने, ते घरबसल्या समजतं. बाजूने दिसणारी जागा शिकायला जास्त चांगली, कारण ओळखीच्या सगळ्या खुणा बाजूला असतात.

विमानं उतरतात त्या रेषेच्या दक्षिणेला राहा, म्हणजे वर्षातला बराच काळ सूर्य पाठीशी येतो. मुंबई १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उलट किंचित उत्तरेला जातो. पण त्या दिवसांत तसंही ऊन किंवा पाऊस टिकू देत नाही.

जरीमरी-काजूपाडा भागात विमान इतकं खाली येतं की पहिल्यांदा अंगावर काटा येतो. तिथले लोक त्या आवाजातच जगतात. तिथे गेलात तर ते त्यांचं घर आहे, प्रेक्षागृह नाही, हे लक्षात ठेवा. कुणाच्या दारात, खिडकीसमोर कॅमेरा रोखू नका. ‘काका, अर्धा तास गच्चीवर थांबू का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा हो मिळतं आणि चहाही मिळतो. नकार मिळाला तर वाद न घालता निघा. विमानतळाच्या भिंतीला टेकून, झाडावर चढून, उड्डाणपुलावर गाडी थांबवून फोटो काढणं हे सगळं नको.

उडणाऱ्या विमानांसाठी जुहू चौपाटी छान आहे, आणि जवळच जुहूचं जुनं विमानक्षेत्र आहे. आता तिथे हेलिकॉप्टरांची ये-जा असते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने उतरले ते याच जुहूला. वाळूत बसून हे आठवलं की समोरून उठणाऱ्या प्रत्येक विमानाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

पायरी ५ : विमान ओळखणं

रंग पाहून कंपनी ओळखणं म्हणजे विमान ओळखणं नव्हे. आधी दोनच विमानांतला फरक पक्का करा: एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७. आपल्या आकाशात यांचीच गर्दी आहे. इंडिगोकडे मुख्यतः ए३२० कुटुंब, अकासाकडे फक्त ७३७ मॅक्स.

शेपटीपासून सुरू करा. ७३७ च्या उभ्या पंखाच्या बुडाशी पुढे एक तिरका उतार असतो, जणू पंखाला पायरी जोडली आहे. ए३२० चा उभा पंख सरळ पाठीत शिरतो. मग पोट पाहा. ७३७ ची मुख्य चाकं आत गेल्यावरही उघडी दिसतात, दोन काळ्या चकत्यांसारखी, कारण त्यांना पूर्ण झाकणं नाहीत. ए३२० चं पोट बंद होतं. नाकही वेगळं: ७३७ चं टोकदार, ए३२० चं गोलसर. मॅक्सच्या पंखांची टोकं वर आणि खाली अशी दुभंगलेली असतात. ए३२० निओचं टोक नुसतं वर वळलेलं. या चार खुणा डोळ्यांत बसल्या की दोन सेकंदांत ओळख पटते. मला त्याला दोन महिने लागले.

मोठ्या विमानांत ७७७ च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं असतात. दोन इंजिनं आणि सहा-सहा चाकं दिसली की तेच; अपवाद ए३५०-१००० चा, त्यालाही तेवढीच चाकं असतात. ए३५० मात्र कॉकपिटच्या खिडक्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्यावरून लगेच सापडतं. ७८७ चे पंख धनुष्यासारखे वर वाकतात आणि इंजिनाची मागची कड करवतीसारखी असते. ए३८० ला ओळख लागत नाही. ७९.८ मीटरचे पंख आणि चार इंजिनं. मुंबईत ते एमिरेट्सचं येतं.

लष्करी विमानांतली एक गफलत मुद्दाम सांगतो. करड्या रंगाचं ७३७ सारखं विमान गोव्याच्या आकाशात दिसलं तर ते नौदलाचं टेहळणी विमान पी-८आय असू शकतं. ते ७३७ वरूनच बनवलंय, म्हणून शेपटी आणि नाक तेच. पण पंखांच्या टोकाला वर वळलेला भाग नसतो. टोक मागे निमुळतं होत जातं. तसंच हवाईदलाचं मालवाहू एएन-३२ आणि छोटं प्रवासी एटीआर ७२ यांत नवखे गोंधळतात. दोन्ही वरच्या पंखांची, दोन पंख्यांची; पण एएन-३२ ची इंजिनं पंखाच्या चक्क वर बसवलेली असतात, आणि एटीआरची आडवी शेपटी उभ्या पंखाच्या शेंड्यावर असते. चार पंखे दिसले तर सी-१३०जे, चार जेट इंजिनं आणि शेंड्यावर शेपटी असेल तर सी-१७ किंवा आयएल-७६.

पायरी ६ : वही

प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, रजिस्ट्रेशन, प्रकार, कंपनी, धावपट्टी आणि हवा. रजिस्ट्रेशन म्हणजे विमानाचा नंबर, शेपटीकडच्या अंगावर रंगवलेला. भारतीय नागरी विमानांचा ‘व्हीटी’ ने सुरू होतो. ‘व्हीटी म्हणजे व्हाइसरॉय टेरिटरी’ असं फिरणारं स्पष्टीकरण वहीत लिहू नका. बिनतारी संदेशांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर देशांना अक्षरांचे गट वाटून दिले गेले, त्यातल्या भारताच्या गटातून व्हीटी आलं आहे.

रंगरंगोटीवर विसंबून नोंद करू नका. २०२५ मध्ये इंडिगोने लांबच्या मार्गांसाठी नॉर्स कंपनीकडून ७८७ भाड्याने घेतली. उड्डाण इंडिगोचं, नंबर मात्र ‘एलएन’ ने सुरू होणारा, म्हणजे नॉर्वेचा. ॲपवर दिसणारं नावही कधी कधी चुकतं, कारण ऐन वेळी विमान बदललं जातं. अंगावरचा नंबर डोळ्यांनी वाचलात तर वहीत बरोबरची खूण, ॲपवरून घेतलात तर दुसरी खूण. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

माझ्या वहीत २२ एप्रिल २०२४ चं पान आहे. त्या दिवशी एअर इंडियाचं शेवटच्या काही ७४७ पैकी एक, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून अमेरिकेला कायमचं निघालं. उड्डाणानंतर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप दिला. एअर इंडियाचं पहिलं जंबो, म्हणजे ७४७, १९७१ मध्ये आलं होतं. पानावर वेळ, नंबर, हवा एवढंच आहे आणि खाली मामाने स्वतःच्या हाताने लिहिलंय: ‘पहिलं आलं तेव्हाही पाहिलं होतं.’ ते पान मी कुठल्याही फोटोच्या बदल्यात देणार नाही.

पायरी ७ : आता कॅमेरा

थोडक्यात. ७०-३०० मिलीमीटरची लेन्स पुरे. वापरलेली मिळाली तर नवीन घेऊ नका, फक्त आत बुरशी नाही ना ते उजेडात धरून पाहा. जेटसाठी शटर १/१००० सेकंद. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला १/२५० किंवा त्याहून हळू, नाहीतर पंखा थिजलेला दिसतो आणि विमान हवेत लटकल्यासारखं वाटतं. सकाळी दहानंतर तापलेल्या डांबरावरून हवा लहरते आणि दूरचं काहीच धारदार येत नाही. तेव्हा लेन्सला दोष देऊ नका, घरी जा. सर्वांत स्वच्छ हवा पावसाच्या दोन सरींच्या मधली.

विमानतळाच्या आत असाल तर सुरक्षा तपासणीचा भाग कधीच टिपू नका.

पायरी ८ : नेटवर टाकण्याआधी

प्रवासी विमानांचे फोटो खुशाल टाका. लष्करी विमान घरावरून गेलं, ॲपवर त्याची रेघ दिसली, तर ‘आत्ता इकडून तिकडे चाललंय’ असं लिहू नका. तळाचं नाव, वेळ, संख्या काहीच नको. दिसतंय म्हणून सांगायचं, असं या बाबतीत नसतं. गटात कुणी असं टाकलं तर त्याला खाजगीत समजवा. फोटोबरोबर जागेची नोंद आपोआप जाते, ती मोबाइलमध्ये बंद करून ठेवा.

चौकशीला पोलीस आले तर कॅमेरा खाली घ्या, स्वतःहून ओळखपत्र द्या, वही दाखवा. वर्षभराच्या तारीखवार नोंदी असलेली वही पाहिली की छंद खरा आहे हे समोरच्याला पटतं. माझ्या त्या तीन तासांत माझ्याकडे वही नव्हती.

पायरी ९ : लढाऊ विमानं मनसोक्त कुठे पाहायची

बंगळूरजवळ येलहंकाला एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं. सुरुवात १९९६ ची, आता ते विषम वर्षांत असतं. आधी नोंदणी करून तिकीट काढा. तिथे सूर्यकिरणच्या कसरतींपासून तेजसपर्यंत सगळं उघड्यावर, कॅमेऱ्यासह पाहता येतं. प्रवासी विमानांची आवड असेल तर हैदराबादला बेगमपेटवर सम वर्षांत होणारं विंग्ज इंडिया. हवाईदलाच्या कसरती अधूनमधून शहरांतही होतात. जानेवारी २०२४ मध्ये मरिन ड्राइव्हवर झाल्या होत्या. ओझरबद्दल मात्र धीर धरा. तिथे जुळवलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए ने १७ ऑक्टोबर २०२५ ला उड्डाण केलं, आपल्या नाशिकचं विमान म्हणून छाती फुगते, पण ते पाहायचं ते प्रदर्शनातच.

आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर गोव्याला बोगमाळोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय. निघण्याआधी वेळा तपासून घ्या. तिथे २०१६ मध्ये निवृत्त झालेलं सी हॅरियर हातभर अंतरावर आहे. अलिझे, सी हॉक ही नौदलाची जुनी विमानं आहेत. अंगणात एक सुपर कॉन्स्टेलेशन हे चार पंख्यांचं जुनं विमान उभं आहे, आधी एअर इंडियाचं, मग हवाईदलाचं, मग नौदलाचं. त्याच्या मागे जाऊन शेपटीचे उभे पंख मोजा, तीन आहेत. दुर्बीण न लावता रिव्हेटच्या रांगा पाहता येतात. संध्याकाळी तिथून निघताना दाबोळीला उतरणारं एखादं विमान डोक्यावरून जाईल. त्याचा प्रकार, वेळ आणि दिशा वहीत लिहा. कॅमेरा पिशवीतच असू द्या.